उजेडात धरलेली भाकरी

ज्योतीरामने त्या दिवशी भाकरी उजेडात धरली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्याचाही इलाज नव्हता. पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात तो दिवसभर तेच काम करायचा. इंजेक्शनच्या औषधाची बाटली दिव्यासमोर धरायची, उलटी करायची, डोळे बारीक करून आत बघायचं आणि एखादा कण तरंगताना दिसला की बाटली बाद. कामावर लागला त्या दिवशी त्याला सांगितलं गेलं होतं, "या टेबलावर कुणावर विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येक बाटली गुन्हेगार आहे असं समजून बघायचं." ज्योतीरामने हे इतकं मनावर घेतलं की तो उपदेश टेबलावर न ठेवता सायकलला अडकवून दापोडीच्या खोलीवर घेऊन गेला.

तेव्हापासून घरात एकही वस्तू निर्दोष राहिली नाही. दुधाचा तांब्या तो खिडकीशी नेऊन बघे. वाण्याकडच्या तुरीच्या डाळीची उलटतपासणी घेई. शेजारचे लोक हसले तर का हसले, आणि नाही हसले तर का नाही, याचा तो विचार करी. (एकदा त्याने आरशातही बराच वेळ बघितलं होतं, पण तिथे कुणावर संशय घ्यायचा हे न कळल्याने प्रकरण मिटलं.)

तर त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्याने डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि सवयीने हात वर गेला. खिडकीतून ऊन येत होतं. भाकरीत हिरवे कण होते.

"बाद," ज्योतीराम मोठ्याने म्हणाला. हेही सवयीनेच.

मग त्याने आमटीत बोट घातलं. तिथेही काहीतरी हिरवट. पिठल्यातही. इंद्रायणीने, त्याच्या सख्ख्या बायकोने, प्रत्येक जिनसात कसला तरी पाला बारीक करून मिसळला होता, आणि तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं!

आता ज्योतीरामचं आणि पाल्याचं वैर जुनं. तो मूळचा माण तालुक्यातला. भाकरी, पिठलं, चटणी यांच्यापुढे चौथा पदार्थ जगात असू शकतो हे त्याला मान्य नव्हतं. लग्नानंतर इंद्रायणीने एकदा मेथी केली, तेव्हा त्याने ताट सरकवून "पाला गुरं खातात" असं जाहीर केलं होतं. त्यानंतर घरात हिरवी भाजी शिजली नव्हती. आणि आता हा छुपा हल्ला!

त्यातून दिवस वाईट होते. ज्योतीराम अजून टेंपररी होता. परमनंट व्हायचं तर कारखान्याच्या डॉक्टरांनी पास करावं लागे, आणि दिवाळीनंतर डॉक्टरांनी त्याला तोंड उघडायला लावून तोंड वाकडं केलं होतं. "हिरड्यांतून रक्त येतंय. डोळ्यांत बघावं तर रक्ताचा पत्ता नाही. जे थोडं आहे ते हिरड्यांवाटे बाहेर चाललंय वाटतं. होळीनंतर पुन्हा या. असेच आलात तर मी सही करणार नाही."

ही गोष्ट त्याने इंद्रायणीला सांगितली नव्हती. भला थोरला पुरुष, आणि हिरड्यांनी नापास झाला, हे बायकोला सांगायचं कसं? सही झाली नाही तर दापोडीची खोली सोडून गावी जावं लागणार होतं. आणि गावाने तर त्याला हार घालून, हातात नारळ देऊन, वेशीपर्यंत पोचवायला येऊन निरोप दिला होता. आता त्याच वेशीतून ट्रंक घेऊन परत आत शिरायचं! आणि नेमक्या अशा वेळी बायको जेवणात पाला घालते, म्हणजे काय समजायचं?

हा प्रश्न त्याने गेटवरच्या कोंडाजीला विचारला. कोंडाजी काळेवाडीचा, जुन्या शेतकरी घरातला. पवनेच्या काठी त्याचा मळा होता. बायको वारल्यापासून घरात चूल धड पेटत नव्हती. कांदा आणि कोरडी भाकरी धोतराच्या सोग्यात बांधून आणायचा. तोही टेंपररीच होता, आणि त्यालाही डॉक्टरांनी होळीनंतर बोलावलं होतं. "डोळं खोल गेल्यात म्हनं," तो सांगायचा. "आता डोळं काय मी आत ढकललं व्हय?"

ज्योतीरामने डबा त्याच्यापुढे धरला. कोंडाजीने आधी वास घेतला. मग पुन्हा घेतला. मग डोळे मिटून तिसऱ्यांदा घेतला.

"राव," तो गंभीर होऊन म्हणाला, "लक्षान काय ठीक न्हाई."

"विष असेल?"

"इष? छ्या! इष बाई एकदाच घालती. रोज घालती ते येगळं असतंय." कोंडाजीने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "वशीकरन. आमच्या भावकीत एकाला असाच पाला चारला व्हता. चांगला पैलवान गडी! आता बायकूच्या मागं घागरी घिऊन पान्याला जातो."

ज्योतीरामला हे लगेच पटलं. कारण गेल्या रविवारीच, इंद्रायणीने नुसतं "अवो, नळ आला" म्हटलं, तर हा कळशी घेऊन उठला होता. स्वतःच्या पायांनी! तेव्हा त्याला वाटलं होतं की आपल्याला दया आली. दया कसली, पाला बोलत होता.

"मग मी करू काय?"

"खाऊ नगा."

"आणि डबा परत नेला तर तिला संशय येईल."

"त्ये बी खरं," कोंडाजी म्हणाला. डोकं खाजवून, फार मोठा त्याग करत असल्यासारखा सुस्कारा सोडून तो पुढे म्हणाला, "आना हिकडं. मी खातो. मला बायकूच न्हाई, तर वश व्हनार कुनाला?"

या युक्तिवादात कुठेही कण तरंगताना दिसला नाही. ज्योतीरामने डबा दिला आणि कँटीनमध्ये जाऊन भजी खाल्ली.

त्या दिवसापासून हीच पद्धत पडली. दुपारचा डबा कोंडाजीला. सकाळी इंद्रायणी पेल्यातून आंबट, तुरट काहीतरी द्यायची, "पित्तावर चांगलं असतंय" म्हणायची; तो पेला ज्योतीराम मोरीला पाजायचा. संध्याकाळी मात्र तो चुलीपाशीच पाट टाकून बसे आणि पिठाच्या पहिल्या मुठीपासून भाकरीवर नजर ठेवी. इंद्रायणी थापता थापता विचारायची, "असं काय बघताय?"

"काही नाही. थापतेस छान."

लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याने असं कधी म्हटलं नव्हतं. ती लाजली. ज्योतीरामने ते लाजणंसुद्धा संशयितांच्या खात्यात टाकलं.

अशी डोळ्यांदेखत भाजलेली भाकरी, आणि तिच्याबरोबर फक्त एक गोष्ट: आईची चटणी. दिवाळीत गावाहून येताना त्याच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, चिनी मातीची बरणी भरून कारळ्याची चटणी दिली होती. सगळ्या जगात त्याचा विश्वास उरला होता तो या बरणीवर. बरणी फळीवर अगदी समोर ठेवलेली. तोंडाला फडकं, फडक्याला सुतळी, आणि सुतळीला ज्योतीरामची खास गाठ. रोज जेवण्याआधी तो गाठ तपासून बघायचा, कारखान्यात सील तपासतात तशी.

"आमटी घ्या की थोडी," इंद्रायणी म्हणायची.

"नको. पित्त आहे."

"नुसत्या चटणीवर माणूस जगतो व्हय?"

"आईच्या हातची आहे," ज्योतीराम बरणीकडे हात करून म्हणायचा. "या चवीला तोड नाही. दिवसेंदिवस मुरतेय बघ. तुला नाही जमायचं असलं काही."

इंद्रायणी खाली बघून भाकरी उलटायची.

इकडे गेटवर निराळंच घडायला लागलं. कोंडाजीच्या गालांवर तकाकी आली. डोळे जिथले तिथे वर आले. जो माणूस पूर्वी स्टुलावर बसल्या बसल्या पेंगायचा, तो आता येणाऱ्या ट्रकला टेचात सलाम ठोकायला लागला, मिशीला तेल लावायला लागला. इतपत ठीक होतं. पण एक दिवस त्याने डबा उघडता उघडता विचारलं, "आज वैनीनं काय दिलंय?"

ज्योतीराम जागच्या जागी थबकला. वैनीनं? काल-परवापर्यंत हा डब्यात काय आहे असं विचारत होता. दुसऱ्या दिवशी कोंडाजी म्हणाला, "वैनीच्या हाताला काय चव हाय, राव!" तिसऱ्या दिवशी काही न बोलता नुसताच आकाशाकडे बघून हसला. आणि ज्योतीरामच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाला इंद्रायणीने घातलेला. म्हणजे जो खाईल तो इंद्रायणीलाच वश होणार! बायको असो वा नसो, त्याचा संबंधच काय? आणि हा पाला कोंडाजीला रोजच्या रोज स्वतःच्या हाताने, सायकलवरून, कोण पोचवत होतं?

रविवारी तर कहर झाला. ज्योतीराम बिडी आणायला नाक्यावर गेला होता. परत येतो तर दारात कोंडाजी. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला नवा पटका, आणि खांद्यावर शेवग्याच्या डहाळ्यांचा भलामोठा भारा. उंबऱ्याच्या आत इंद्रायणी, पदर खोचून, हसत हसत त्या डहाळ्या घेत होती. खाली एका फडक्यात आवळे ओतलेले.

"हे काय?" ज्योतीरामचा आवाज चिरकला.

"मळ्यातलं हाय," कोंडाजी म्हणाला. "म्हनलं, वैनीला उपेगी पडंल."

"तुम्हाला कसं कळलं काय उपयोगी पडेल ते?"

कोंडाजीने इंद्रायणीकडे बघितलं. इंद्रायणीने डहाळ्यांकडे. "चा टाकते," असं म्हणून ती आत गेली. तो चहा कोंडाजीने बशी चाटून संपवला. ज्योतीरामने आपला चहा कुंडीतल्या तुळशीला घातला. (तुळस दुसऱ्या दिवशी मान टाकून होती. चहा उकळता होता, पण ज्योतीरामने तीही पुराव्यात धरली.)

आता शास्त्राशिवाय गती नव्हती. प्रयोगशाळेत नाबर नावाचे साहेब होते. मुंबईहून आलेले, चष्म्याआडून सगळ्यांकडे सारखंच कुतूहलाने बघणारे. ज्योतीरामने डब्यातल्या भाजीचा नमुना बाद झालेल्या एका बाटलीत भरला, बूच लावलं आणि त्यांचं दार ठोठावलं. साहेब मुंबईला गेले होते. कधी येणार? होळीच्या सुमाराला. ज्योतीरामने शिमग्यापर्यंतचे दिवस कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. बायको पाला वाळवतेय, मित्र लांबून भारे आणतोय, दोघांनाही जाब विचारायची सोय नाही, कारण विचारलं आणि खरं निघालं तर? या प्रश्नापाशी येऊन तो रोज बिडी पेटवायचा. रागापेक्षा त्याला भीतीच जास्त वाटत होती. इंद्रायणी त्याला आवडत होती, हे त्याला आत्ताच कळायचं होतं!

नाबर साहेब आले ते डॉक्टरांच्या तपासणीच्या आदल्या दिवशी. जुना नमुना एव्हाना बुरसला होता, म्हणून ज्योतीराम ताजा घेऊन गेला.

"एका मित्राच्या घरचं आहे, साहेब. विषाची शंका आहे."

साहेबांनी बूच काढलं, वास घेतला, बोटावर थोडंसं घेतलं आणि चक्क तोंडात घातलं.

"साहेब!" ज्योतीराम किंचाळला. आणखी एक माणूस इंद्रायणीच्या नादी लागणार, आणि तोही ऑफिसर!

"शेवग्याचा पाला," नाबर साहेब चघळत म्हणाले. "आवळाही आहे. फोडणी झकास. विष कसलं यात? तुमच्या घरी लोणी कढवताना त्यात काय टाकतात?"

"शेवग्याचा पाला. कुणी विड्याचं पान टाकतं."

"कशाला?"

"पद्धत आहे."

"त्या पद्धतीला कारण आहे. हवेतला प्राणवायू तुपाला लागला की तूप खवट होतं. पानात अशी काही द्रव्यं असतात की तो प्राणवायू आधी त्यांच्यावर तुटून पडतो, तूप वाचतं. अँटिऑक्सिडंट म्हणतात त्यांना. आता तिकडे अमेरिकेत एक जण म्हणतोय की माणसाचं शरीरही आतून असंच खराब होत जातं, म्हातारं होतं. मग पाल्याने तेही टिकेल का? अजून काही सिद्ध झालेलं नाही. मीही ते संशय घेत घेतच वाचतोय."

'संशय' शब्द ऐकून ज्योतीरामला जरा आपल्या माणसात आल्यासारखं वाटलं.

"पण आवळ्याने हिरड्या बऱ्या होतात," साहेब पुढे म्हणाले, "यात मात्र तिळमात्र संशय नाही. तुमच्या मित्राच्या हिरड्यांतून रक्त येतं का?"

"येतं," ज्योतीराम म्हणाला. खुर्ची नसल्यामुळे तो भिंतीला टेकला.

"मग त्याच्या बायकोने ते बघितलं असणार. त्याला म्हणावं, रोज पोटभर खा."

ज्योतीरामला मोरी आठवली. रोज सकाळी चूळ भरल्यावर लालसर व्हायचं ते पाणी, आणि पाठीमागे उभी राहिलेली इंद्रायणी. तिला सगळं ठाऊक होतं. तिने औषध केलं होतं, आणि त्याने ते सगळंच्या सगळं मोरीला, तुळशीला आणि कोंडाजीला पाजलं होतं. आता उद्या डॉक्टर! एका रात्रीत किती आवळे खाता येतील याचा त्याने हिशेब केला. मग संध्याकाळी नुसतीच भाकरी आणि चटणी खाल्ली. आमटी मागायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी कोंडाजी आधी आत गेला. दोन मिनिटांत छाती काढून बाहेर आला. "पास!"

ज्योतीराम आत गेला ते मनातल्या मनात ट्रंक भरतच. डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं. बॅटरीचा उजेड पाडला. हिरडी दाबली. पुन्हा दाबली. मग त्यांनी जुना कागद काढून नाव वाचलं. "ज्योतीराम तूच ना? अरे, हिरड्या खणखणीत आहेत! पापण्यांच्या आतही लाली आलीय. काय खातोस?"

"आईची चटणी," तो म्हणाला.

"रोज खात जा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सही केली.

सायकल दापोडीपर्यंत जमिनीला टेकली नसावी. म्हणजे शास्त्र, पाला, नाबर साहेब सगळे एकीकडे आणि आईचा हात एकीकडे! त्याने गावी निरोप धाडला, आणि आठवडाभरात रुक्मिणीबाई एस.टी.ने येऊन दाखल झाल्या. रविवारी जेवायला कोंडाजीलाही बोलावलं. (वशीकरणाचा आरोप मागे घेतल्याची ही जाहीर खूण होती. नजर मात्र ठेवलेली होती.) ज्योतीरामने सगळ्यांसमोर फळीवरची बरणी काढली, गाठ तपासली, सोडली आणि आईच्या ताटात चटणी वाढली.

"आई, तुझ्या या चटणीने माझी नोकरी वाचवली. कारखान्यातले साहेब म्हणतात, माझ्या नजरेतून काही सुटत नाही. पण मी म्हणतो, नजर कसली, सगळी तुझ्या हाताची करामत!"

रुक्मिणीबाईंनी बोटाने चटणी चाखली. पुन्हा चाखली. मग मुलाकडे बघितलं.

"ही माझी न्हवं."

"तुझीच आहे, आई. दिवाळीला दिलेली."

"आरं, दिवाळीची चटणी शिमग्याला कशी उरंल? आन माझी जळकी असती, हयातभर तुझा बा कुरकुरत गेला. ह्यात आवळा हाय. शेवग्याचा वाळला पाला हाय. कडीपत्ता हाय. सूनबाई, मला बी बांधून दे."

कोंडाजी आमटीत भाकरी फार मन लावून कुस्करायला लागला.

"तुमची चटणी संक्रांतीच्या आधीच संपली, आत्याबाई," इंद्रायणी म्हणाली.

"पण गाठ!" ज्योतीराम ओरडला. "गाठ माझी होती! रोज बघायचो मी!"

"ती गाठ मीच शिकवली तुम्हाला. गावाहून येताना गाठोडं सुटत व्हतं तवा." इंद्रायणी आता मान वर करून बोलत होती. "डबा लख्ख होऊन यायला लागला. तुम्ही खाल्लेल्या डब्याला कडंनं चार शितं असतात. मग कोंडाजीभाऊ मला वाटेत भेटले, त्यांना इचारलं. ते बोलून बसले. डाक्टरचं बी तवाच कळलं. म्हनलं, आता ह्या माणसाच्या पोटात जाईल असं घरात काय उरलंय? तर ही बरणी. तुपात पाला टाकला की तूप टिकतंय, एवढंच मला ठाऊक. म्हनलं, नवऱ्यात टाकून बघावं."

"आणि मला कळू दिलं नाहीस?"

"तुमच्या नजरेतून काही सुटत न्हाई म्हणून तर नजरेसमोरच ठेवली की फळीवर!"

रुक्मिणीबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. कोंडाजीला ठसका लागला. ज्योतीरामने भाकरीचा तुकडा मोडला, सवयीने हात उजेडाकडे उचलला, मग सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत हे बघून तो तसाच खाली आणला, चटणीत बुडवला आणि तोंडात घातला. खरंच, चवीला तोड नव्हती. त्याने आमटी मागून घेतली. भाजी दोनदा घेतली. इंद्रायणीला काहीतरी चांगलं म्हणावं असं त्याला फार वाटत होतं, पण घास तोंडात असल्याची सबब बरी होती.

एवढ्यात बाहेर गलका झाला. नळ आला होता. ज्योतीराम उठला, हात धुतले आणि कुणी काही न सांगता दोन्ही हातांत दोन कळश्या घेऊन दाराबाहेर पडला.

कोंडाजीने त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत भुरका मारला आणि समाधानाने मान डोलावली.

"वैनी," तो म्हणाला, "पाला लागू पडला बरं का."